आधी हवा

टिक टिक टिक टिक.
एवढं बोलून गिझर गप्प.
टिकलीएवढ्या काचेतून ठिणगी दिसते,
निळसर, खरी,
पण ती कशालाच लागत नाही.

भुसावळात पारा आठवर.
रावेरकडे केळीला चरका बसला म्हणतात.
नाना न्हाणीच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत,
अंगावर टॉवेल, टॉवेलावर घोंगडी, डोक्याला कानटोपी.
आंघोळीला निघालेला माणूस
इतक्या कपड्यांत मी पाहिला नव्हता.

सेल नवे घातले. उलटे नाहीत, दोनदा पाहिलं.
नळाची धार जाड आहे.
पाण्याची जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासली,
तापीचा गाळ निघाला, चिमूटभर, मऊ.
शेगडी ह्याच सिलिंडरवर पेटते,
दूध उतू गेलं तेवढ्यात.
टिक टिक टिक टिक.

फेगड्यांचा पंकज फोनवर ओरडला,
ताई, मी यावलला, हळदीत आहे,
किट गेलं असेल, साडेआठशे धरा.
मागे बँड वाजत होता.

"वास येते का?"
कसला, नाना?
"गॅसचा. ठिणगी पडून पेटत नही, तं वास यायले पाहिजे."
मी नाक लावलं. साबण. ओली फरशी.
"मंग गॅसच नही येऊन राह्यला.
ठिणगीले कायले दोष देते?"

लीलाधर भिरूड, फायरमन.
बुऱ्हाणपूर सुटल्यावर चढ लागतो,
तिथं ह्या माणसाने बावीस वर्षं कोळसा फेकला,
रात्रीच्या रात्री.
डाव्या दंडावर एक गुळगुळीत जागा आहे,
तिथं केस येत नाहीत.
घरात मात्र त्यांनी काडी ओढलेली मला आठवत नाही.
चहा आई होती तोवर आईने, मग मी.

"आधी हवा पाह्य. आग मंग."

रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली.
चार स्क्रू. तीन बशीत, एक कुठे गेला.
पत्रा निघाला. आत तांब्याची वेटोळी,
खाली बर्नरच्या नळ्या ओळीने,
आणि गॅस जिथून शिरतो त्या बारीक तोंडावर
माती.
हाताने लिंपल्यासारखी, कडेला बोटाचे ठसे वाटावेत अशी.

"कुंभारीण," नाना जागेवरूनच म्हणाले.

मार्चमध्ये बंद केला होता हा.
मग दिवाळीपर्यंत कोण पाणी तापवतं इथं?
मे महिन्यात नळ सोडला की हात भाजतो,
रात्री बादल्या भरून ठेवायच्या,
सकाळपर्यंत निवल्या तर निवल्या.
सगळं गाव तव्यावर, तेव्हा
तिने हिंडून हिंडून शोधलेली गार, अंधारी जागा
ही होती. आगीचं तोंड.

दाभणाने टोकरलं. ढेकूळ सुटलं, फुटलं.
आत खोल्या. खोल्यांत कोळी,
वाळलेले, पाय पोटाशी घेतलेले,
कुणाच्या तरी जेवणासाठी मांडलेले.
मी दोन तांबे पाणी ओतलं फरशीवर.

रेग्युलेटर चालू. नळ.
टिक टिक
भप्प.

"निळी हाये का पिवळी?"
निळी.
"मंग ठीक."
घोंगडी माझ्याकडे दिली, कानटोपी दिली,
आत गेले, कडी लावली.

वाफ दाराखालून यायला लागली,
तेव्हा आतून आवाज:
"मातीले भोक होतं का वं?"
कसलं भोक?
"बाहेरून. पिल्लू उडून गेलं असन
तं भोक राह्यते."

माती मघाशीच मोरीत गेली होती.
होतं, मी म्हणाले.
"केवढं?"
ज्वारीएवढं.

तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला,
मग ओतल्याचा, मग पुन्हा बुडाल्याचा.
मी पाय उचलला,
चौथा स्क्रू टाचेला चिकटला होता.