मिक्सर क्रमांक सात

धंतोलीतल्या एसीत बसून
मी कापसीचा पूल एक हजार वेळा बांधते.
एन्टर दाबलं की सव्वाचार मिनिटांत
हजारही उभे.
त्यातले नऊशे बारा मार्चच्या आत,
बाकीचे जरा रेंगाळतात, पण होतात.
पडद्यावर मिक्सर म्हणजे पिवळा चौकोन.
चौकोनाला तहान नसते.

हिंगण्याहून भरून निघायचं, बेचाळीस मिनिटं.
ओतायचं, अठरा.
रिकामं परतायचं, पस्तीस.
सात नंबर मात्र दुपारच्या फेरीत
अकरा मिनिटं कुठेच नसतो.
देशकर साहेब म्हणाले, ही गळती शोध.

म्हणून स्टॉपवॉच घेऊन त्याच्या केबिनमध्ये चढले.
सेहेचाळीस अंश. स्टिअरिंगला ओलं फडकं गुंडाळलेलं.
मोतीराम कुमरे पारडीपर्यंत एक शब्द बोलला नाही.
मागे ड्रम फिरत होता,
आत काँक्रीट, त्याची नव्वद मिनिटांची मुदत,
आणि घनमीटरला तीस किलो बर्फ,
जो माझ्या मॉडेलमध्ये आहे.

कळमन्याला त्यानं गाडी कडेला घेतली.
"थांबा जरासक."
मिरचीच्या ढिगांमधून एक बाई उठून आली,
दिवसभर देठं खुडणारी,
हात कोपरापर्यंत लाल.
त्यानं सीटखालून स्टीलचा डबा काढला:
प्लांटवरचा मूठभर बर्फ, अर्धा पाणी झालेला.
तिनं दोन्ही हात त्यात बुडवले
आणि डोळे मिटले.
मग फडक्यातली भाकर सोडून
तो तिला भरवू लागला, घाईनं, घास मोठे,
रस्त्याकडे पाठ करून.
"हाताले मिरची राहते तिच्या," परत चढताना म्हणाला,
"घास कसा उचलन?"
ड्रम फिरतच होता.
स्टॉपवॉच मी सुरू करायचं विसरले होते.

ऑफिसात आल्यावर लिहिलं:
विलंब, त्रिकोणी वितरण,
किमान नऊ, बहुधा अकरा, कमाल चौदा.
कारणाच्या रकान्यात कर्सर बराच वेळ लुकलुकला.
टायर तपासणी, असं टाइप केलं. खोडलं.
रकाना रिकामा ठेवून एन्टर दाबलं.

मार्चच्या आत नऊशे चार.
म्हणजे आठ पूल उशिरा.
साहेबांनी आकडा पाहिला, चष्मा काढला, पुसला,
आणि विचारलं,
तुला ठसका कशाचा लागतोय एवढा?