चिमटा

दस्तगीर नदाफनं जुना चिमटा उतरवून
फरशीवर आपटला, तेव्हा
नळीच्या तडकलेल्या तोंडातून
भुरुभुरु गाळ पडला.

पुराला पाच वर्षं होऊन गेली.
घर धुतलं, भिंती दोनदा रंगवल्या,
कपाटाचा तळ बदलला,
विम्याच्या माणसाला तीनदा चहा पाजला.
आणि नदी इथं, माझ्या बुडाखाली,
इंचभर नळीत
गुपचूप बसून होती.
रोज कुपवाड ते मार्केट यार्ड
हळदीच्या नमुन्यांच्या पिशव्यांसंगं
मी तिलाही नेऊन आणत होतो.

"आतनं सडली," दस्तगीर म्हणाला,
"वरचा रंग बघून फसलो आपण."

ह्या यझदीचा चिमटा आता मिळत नाही.
डीलर म्हातारा झाला,
त्याच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं.

मिरजेच्या भंगारातून सातशेला आणला
एका तरण्या गाडीचा,
चौकोनी, काळा, जड.
पुढचं सगळं गेलेल्या गाडीचा होता.
कुणाची गाडी, ते मी विचारलं नाही.
भंगारवाला आपणहून म्हणाला,
"मागं एक ओरखडा नाही बघा."

तो बसेना.
बोल्ट चौदाचा, बुश बाराचा.
रुंदी चार मिलीमीटर जास्त,
लांबी दीड इंच,
शॉकअपचा कान बोटभर मागं.
मी म्हणालो, नवीन सून आहे, रुळेल हळूहळू.
शांतिनाथ मगदूमनं लेथवरनं
मानही वर केली नाही.
"उपमा नको. माप द्या."

मग व्हर्नियर.
मग चष्मा पुसून परत व्हर्नियर.
पितळेची कातरण वळत वळत
त्याच्या चपलेवर पडत राहिली
(कशासारखी, ते सांगत नाही).
चार मिलीमीटर म्हणजे
दोन्हीकडून दोन-दोन, असं मी धरून चाललो होतो.
तसं नसतं.
चेन एकाच बाजूला असते,
म्हणून इकडून अडीच, तिकडून दीड.
भावाशी वाटणी करताना
आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

दस्तगीरनं दोरी बांधली
मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत,
आणि एक डोळा मिटून
जमिनीवर आडवा झाला.
दुकानातलं पोरगं झाडू हातात धरून थांबलं.
कंप्रेसर बंद.
"केसभर डावीकडं."
हातोडी उचलली मी, तर ओरडला,
"ठेवा ती! वॉशरचं काम आहे हे."
मगदूमनं तीन वॉशर कातून दिले,
एकचा, दीडचा, दोनचा,
म्हणाला, "जो लागंल तो लावा."
एकचा लागला.

चेनला दोन कड्या वाढवल्या.
पहिली किक, दुसरी किक,
तिसरीला निळा धूर,
आणि समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं
सवयीनं शिवी दिली.

अंकलीच्या पुलापर्यंत गेलो.
मागचं चाक वळणावर आता
विचार करून येत होतं,
जराशा उशिरानं, पण येत होतं.
पुलावर थांबलो. खाली नदी,
तिच्या पात्रात, तिच्या मापात.
वाटलं, तिचं काही देणं लागतो का मी?
गाळ तर त्या पोरानं
झाडून गटारात लोटला होता.

दोनचा वॉशर दस्तगीरच्या डब्यात गेला.
दीडचा माझ्या खिशात राहिला,
वाण्यानं चिल्लर मोजताना तो
बोटानं बाजूला सरकवला,
काही बोलला नाही.

घरी आलो. विजयमालानं दारातच फिरवलं मला.
"पाठीला काय हे?"
मानेपासून कमरेपर्यंत
चिखलाची सरळ उभी रेघ.
चाक दीड इंच मागं गेलंय, सांगितलं,
मडगार्ड मात्र जुनंच आहे.
ती शर्ट भिजवत म्हणाली,
"मग ते वाढवायचं कुणी?"