कोणी नसल्याचा दाखला

शिरोड्याच्या तिठ्यावर माझं झेरॉक्सचं दुकान.
कुवेत, मस्कत, बोटीवर चाललेल्या पोरांचे सीडीसी,
सगळे कागद इथूनच गेले.
तांडेलमध्ये एल एक की दोन
एवढ्यावरून एकाची अबुधाबी हुकली,
तेव्हापासून मी स्पेलिंग बोट ठेवून वाचतो.

द्रौपदीकाकीची सुलक्षा लीड्सला नर्स.
आधी परीक्षा, मग स्पॉन्सर,
मग पाच वर्षं रात्रपाळी,
मग कायमचं राहायचं कार्ड.
आईला न्यायची वाट एकच उघडी होती,
वईतल्या बेड्यासारखी,
अंग चोरून गेलात तर जाल.

पहिला अर्ज मी खरा खरा भरला.
न्हाणीत पडली तेव्हा रिक्षा कोणी आणली,
इनासची बायको दुपारची पेज देते,
गोळ्यांच्या वेळा भिंतीवर कोणी लिहिल्या,
सगळं. वाटलं, माणूस चांगल्यात राहतो
हे कळलेलं बरं.

मग पणजी. सातार्ड्यावरून सातची एसटी.
काचेवर हिरवा उजेड.
चार बोटं ठेवा. उचला.
पुन्हा ठेवा.
यंत्राला काहीच सापडेना.
एकतीस वर्षं वेंगुर्ल्याच्या कारखान्यात काजू फोडले तिने,
टरफलाच्या तेलानं आधी कातडी काळी केली,
मग सोलली,
मग रेघाही नेल्या.
राख लावली, खोबरेल लावलं,
त्या काही परत उगवल्या नाहीत.
काउंटरवरची पोरगी म्हणाली, आजी, जोरात दाबा.
काकी म्हणाली, "बाय, जल्म गेलो दाबून दाबून."
पोरगी हसली, मग हसू आवरून
साहेबांना बोलवायला गेली.
बोटांचं कसंबसं निभावलं.
साहेबांनी शेरा मारला, सही केली.

निकाल चार महिन्यांनी.
नकार सभ्य होता, परिच्छेद सहा:
शेजारी श्री. उमाकांत आरोलकर
अर्जदाराची पुरेशी देखभाल करत असल्याचे दिसते.
माझं स्पेलिंग अगदी बरोबर होतं.

सुलक्षा फोनवर रडली नाही.
म्हणाली, दादा, परत भरूया.
मागून कुठल्यातरी वॉर्डातली घंटा वाजत होती.

दुसऱ्या अर्जाआधी मी तलाठ्याकडे जाऊन आलो.
उत्पन्नाचा दाखला मिळतो, हयातीचा मिळतो,
जमीन नसल्याचासुद्धा मिळतो.
कोणी नसल्याचा नाही मिळत.
तो आपणच लिहायचा,
आणि खाली काकीनं सही करायची.

मी वाचून दाखवलं.
माझी काळजी घेणारे या देशात कोणीही नाही.
काकी चष्मा पुसत राहिली.
"माका कोण नाय?"
पंखा फिरत होता, कागदावर वजन नव्हतं,
मी कागद धरून बसलो.
"मगे तू कोण रे?"

शेवटच्या पानावर एक रकाना असतो.
अर्ज भरण्यास मदत करणारी व्यक्ती.
नाव. पत्ता.
अर्जदाराशी नातं.
"लिव मां," काकी म्हणाली, "पोरगो."

तिला कसं सांगू, त्या एका शब्दानं
सुलक्षाची सगळी रात्रपाळी
परत परिच्छेद सहामध्ये जाऊन पडेल.

मी लिहिलं: झेरॉक्सवाला.
तिला वाचता येत नाही असं नाही, मराठी येतं.
हे इंग्रजीत होतं.
तरी तिनं बघितलं, त्या रकान्याकडे,
मग माझ्याकडे,
मग कनवटीची पिशवी सोडली.

इतक्या वर्षांत तिच्याकडून कधी पैसे घेतले नव्हते.
छापाई, स्कॅन, फोटो धरून एकशे चाळीस.
त्या गुळगुळीत बोटांनी नोट मोजायला
तिला वेळ लागतो.

मी थांबलो.
घेतले.
पावतीही फाडून दिली.