तळाचं तापमान

दोरीला दर मीटरवर लाल चिंधी,
टोकाला शिसं आणि तापमापी.
पानशेतच्या फुगवट्यात, शिरकोलीच्या अलीकडे
हिरामण पायगुडे वल्हं आडवं टाकून बसतात,
मी आकडे उतरवते.
वर सव्वीस.
चौथ्या चिंधीला पंचवीस, आठव्यालाही तेच.
मग एकदम,
कुणी खालच्या खोलीचं दार उघडावं तसं,
बावीस.

"असंच असतंय," ते म्हणतात,
"बुडी मारली की गुडघ्याला ऊन, घोट्याला हिवाळा."

मी सांगते : हिशेब करणारी यंत्रं तापतात.
त्यांना निववायला दुसरी यंत्रं लावतो,
तीही तापतात.
ते हसत नाहीत. विचारतात, "मग इथं पंप बसवणार?"
पंप नाही. पंखा नाही.
तापलेलं पाणी आपणहून वर जाईल,
गार पाणी त्याच्या जागी सरकेल.
"म्हणजे चांगुणाचं कॅन."

चांगुणाबाई संध्याकाळचं दूध विहिरीत सोडतात,
कडीला तार, तारेचं टोक रहाटाच्या खांबाला,
सकाळी सहाला डेअरीचा टेम्पो येईस्तोवर.
बाणेरच्या ऑफिसात मी जो नकाशा दाखवला
त्यावर सही माझी आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी पेटी सोडली.
भोसरीत घडवलेली, पोलादी,
अंगावर माशाच्या कल्ल्यांसारख्या पट्ट्या,
आत बारा कॉम्प्युटर, दिवसरात्र जागे.
धरणाला काही कळलं नाही.
कळलं ते चिलापीला.
आठवड्यात पेटीभोवती थवे जमले
आणि हिरामणभाऊ गळ घेऊन येऊ लागले.
"अशा अजून किती सोडणार?" त्यांनी विचारलं.
त्याच दुपारी मेनन मॅडमचा फोन, हाच प्रश्न.

मार्चमध्ये पट्ट्यांवर शेवाळ, शेवाळावर गोगलगाई.
ब्रश घेऊन मीच उतरले.
तेवढं चालतं, मी वहीत लिहिलं,
माणूस एक, महिन्यातून दोनदा.

एप्रिलमध्ये पाणी सोडलं.
आणि हे मला नकाशावर दिसायला हवं होतं :
धरणाचं दार तळाशी असतं.
आधी गेला तो गारवाच.
माझं बावीस अंशांचं पाणी
खडकवासल्यात, तिथून दौंडच्या उसात,
तिथून सिंहगड रस्त्यावर कुणाच्या तिसऱ्या मजल्यावर,
बादलीत, कोमट होऊन.
कुणाला सांगायचं की ते आमचं होतं?
आमचं नव्हतंच.

मेच्या अकरा तारखेला पेटी चिखलात उघडी पडली,
वर एक बगळा.
शेवटची नोंद दुपारी दोन वाजून दहा मिनिटांची,
एक्क्याहत्तर अंश.
मग यंत्रांनी स्वतःच डोळे मिटले,
शहाणी होती.

अहवालात लिहिलं : जमेल. आठ महिने.
उरलेल्या चार महिन्यांत
गारव्याच्या रांगेत पुणं आहे, ऊस आहे, म्हशी आहेत,
मग आपण.
मॅडमनी म्हशींवर काट मारली.

परतताना विहिरीत डोकावले.
पाणी खाली गेलेलं.
चांगुणाबाईंनी तार दोन हात वाढवली होती,
नवा तुकडा, जुन्याला पीळ घालून.
खिशातली तापमापी मी त्याच तारेला बांधून सोडली :
तेवीस.
"बरं हाय ना?" त्यांनी विचारलं.
बरं आहे, म्हटलं.
खालच्या वळणावर टेम्पोचा हॉर्न वाजला
आणि त्या मला बाजूला सारून
तार ओढू लागल्या.