चार हजार हर्ट्झ

हप्त्यावर घेतलेले इअरफोन
महिनाभर मला पटलेच नाहीत.
खालचा आवाज फुगलेला,
ओल्या पुठ्ठ्यासारखा,
आणि गाणारी बाई शेजारच्या खोलीत,
दार लोटून.

मग लागलो मागे.
रबरी टोप्या बदलल्या, लहान, मध्यम, पुन्हा लहान.
फोमच्या आणल्या, बोटांत चेपून कानात सोडल्या,
फुगेपर्यंत गप्प बसलो.
पाथर्डी फाट्याच्या मेडिकलमधून मायक्रोपोर आणली,
टिकलीएवढी कापून नळीच्या तोंडावर लावली.
सुईने एक भोक. मग दुसरं.
दुसरं जास्त झालं.

फोनवर दहा दांड्या, वर-खाली सरकणाऱ्या.
साठ हर्ट्झ दोनने उतरवलं.
अडीचशे जरा दाबलं तसा डग्गा
भिंतीवरून खाली येऊन सतरंजीवर बसला.
चार हजार वर. अजून वर.
आता झांजेला कड आली.
आता ओळ सुरू होण्याआधी
बाईने घेतलेला श्वासही कळतो.
रात्रीचे दोन वाजलेले.
जतन केलं, नाव दिलं: 'बरोबर'.

दुसऱ्या दिवशी अंबडला, जेवणाच्या सुट्टीत
विश्राम बोरस्तेच्या कानात घातले.
त्याने लगेच उपसले,
"काच घासतोयस का रे?"
विश्राम स्टोअरला असतो.
मी प्रेसवर, दोनशे टनी, बारा वर्षं.
कंपनीने दिलेली पिवळी बोंडं
लॉकरमध्ये, पाकीट न फोडलेली.

तांबट आळीत अप्पा हंडे मठारायचे.
मधेच हातोडी थांबवून
नखाने टिचकी मारायचे, मला विचारायचे,
"कसा वाजतोय?"
मी डोळे मिटून, अगदी विचार करून सांगायचो,
गोड आहे, किंवा काठाशी बद्द आहे.
वाटायचं, परीक्षा घेतायत.

संध्याकाळी माळ्यावरून त्यांचा एक हंडा काढला.
धूळ पुसली, फडक्याच्या चुंबळीवर ठेवला.
टिचकी मारली.
वाजला. मग थांबला.
रेवती भाजी निवडत होती.
"थांबला ना?" म्हटलं.
तिने मेथीची काडी धरलेला हात वर केला,
मान थोडी कलती,
आणि तसाच धरून ठेवला.