क्रेनमधली कॅसेट

क्रेन जपानातून जुनी आली होती,
दीपनगरच्या कंत्राटदाराने जवळजवळ वजनावर घेतलेली.
सीटखाली एक पांढरा हातमोजा निघाला, डाव्या हाताचा.
आणि टेपमध्ये अडकलेली कॅसेट, जी निघेचना.
पक्कड लावली, सुरी घातली,
भुसावळहून रेडिओवाला आणला.
तो म्हणाला, टेप फोडावा लागेल.
बा म्हणाला, राहू दे मग.

पुढे एकोणीस वर्षं
नसीर तडवी, तालुका यावल,
राखेच्या वर, चिमणीच्या खाली,
सत्तेचाळीस डिग्रीत
एकच बँड ऐकत होता.

अकरा गाणी. सहाव्याच्या मध्यात फीत चुरगळलेली,
तिथे गाणारा दर वेळी पाण्यात पडायचा
आणि पुढच्या ओळीला वर यायचा.

गाण्यांची नावं कोण सांगणार? बानेच ठेवली.
पहिलं, शिफ्टचं.
तिसरं, हळू उतरव.
ज्यात गिटार एकटीच लांब निघून जाते
ते पालच्या घाटाचं.
आठवं तुझ्या आईचं, म्हणायचा,
आणि गमबुटातला कोळसा झटकत बसायचा.

जेवतानाही गुणगुणायचा.
शब्द नव्हते ते, शब्दांचे साचे,
आत काही न ओतलेले.
हमीदाबी कुडापलीकडून विचारायची,
काय म्हनून र्‍हायले भाऊ?
आई म्हणायची, जपानीत भाकर मागून र्‍हायले.

क्रेन भंगारात गेली, कॅसेटसकट.
त्या आठवड्यात बा कळण्याची भाकर
नुसती मोडत बसला.

परवा मी पहिल्याची चाल फोनसमोर शीळ घालून शोधली.
बँड अजून आहे!
साठीपुढची माणसं, एकाचा चष्मा बाच्या चष्म्याइतका जाड.
यंदाचं नवं गाणं लावलं.
दोन ठोक्यांत बाने हात वर केला, मूठ आवळून,
खालचा माणूस क्रेनवाल्याला थांबवतो तसा.
हा तोच, म्हणाला. आवाज जड झाला याचा.
आणि ढोलवाला नवा आहे.

मी वाचून पाहिलं.
जुना वारला होता, आठ वर्षांपूर्वी.

आठव्याचा अर्थ दाखवू का, विचारलं,
फोन आता सगळं मराठीत सांगतो.
नको, म्हणाला. सहावं लाव.

सहावं लावलं.
फीत चुरगळलेली होती त्या जागेवरून
फोनमधला गाणारा सरळ चालत गेला.
बा मात्र तिथे थांबला,
पाण्यात पडला,
आणि एक ओळ मागून
वर आला.