मानपत्राचा मसुदा

तालुक्यावरून फोन आला:
"मास्तर, अक्षर तुमचं चांगलं, मानपत्र तुम्हीच लिहा.
'बाहुलीकलेतील अतुलनीय योगदान' एवढे शब्द आलेच पाहिजेत,
बाकी तुम्ही बघून घ्या."

बाकी बघायला सायकलनं कन्हाळगावला गेलो.
चुलबंद आटलेली. रपट्यावर कुणाच्या तरी बंडीतून सांडलेली तणीस.
उरकुडा हटवार ओसरीत
पांगाऱ्याच्या ओंडक्याला कान लावून बसलेला.
"आयकतो," म्हणाला, "आत किडा हाय का म्हून."

मी वही उघडली.
एकूण प्रयोग किती?
"मोजले नाई. कंदिलात राकेल किती गेलं थे इचारा,
किराणावाल्याच्या वहीत अजून बाकी निघन."
मानधन?
"पायली, दोन पायली धान. मंडई चांगली भरली त कोंबडा.
एका गावात नुसतं पाणी देल्लं.
पण पाणी गोड होतं."
गुरू कोण?
त्यानं भिंतीकडं पाहिलं.
खुंट्यांना बावीस बाहुल्या, माना टाकून:
राजा, जागल्या, सावकाराची सून,
आणि एक माकड, ज्याचं शेपूट
पोट्ट्यांनी दोनदा पळवलेलं.

मग त्यानं चुन्याची डबी उघडली.
आत चुना नव्हता.
बांबूच्या दोन चिपा, मधे पानाची फीत,
वरून काळ्या दोऱ्याचे वेढे.
"हे पारबताची पिपाणी."

राजा खाकरायचा ती पारबता.
माकड रुसायचं ती पारबता.
पडद्यामागं, मांडीवर दूध पिणारं लेकरू,
जिभेवर पिपाणी, आणि एका श्वासात
सासू, सून, घुबड, गावात शिरलेली अस्वल.
एकदा भर मंडईत तिनं ती गिळली.
"मंग?"
"मंग का. राजा मुका झाला.
मी त्याले रडाले लावलं. तोंड झाकून, नुसते खांदे.
लोक म्हने, असं रडनं पाह्यलं नाई.
दोन दिसानं पिपाणी भेटली.
धुतली. खेळ केला."

सायकलपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला,
"बोटं माही, गळा तिचा.
पडद्याच्या बाहेर मी जल्मात बोललो नाई, मास्तर.
कागदावर एकच नाव कसं?"

कागदावर रकाना एकच होता.
रात्रभर मी 'अतुलनीय' खोडला, लिहिला, खोडला.
एका पारड्यात तिचा श्वास,
दुसऱ्यात त्याच्या करंगळीवरचा दोरीचा घट्टा.
काटा कुणी हलवायचा?

पंचायत समितीचं सभागृह. शाल झाली, नारळ झाला,
मी वाचलं, टाळ्या झाल्या.
"आता सत्कारमूर्तींनी दोन शब्द..."
उरकुडा माईकपुढं उभा.
ओठ हलले. आवाज आला नाही.
पंखा ऐकू येऊ लागला, मग खुर्च्या.

तेवढ्यात माईक किंचाळला.
कुईईई... बारीक, नाकातून, चिरका.
लोकांनी कान झाकले, पोरं हसली,
साउंडवाला वायरीकडं धावला.
उरकुडानं डावा हात वर करून त्याला थांबवलं.

मान तिरपी झाली.
आणि उजव्या हाताची बोटं उठली,
आधी करंगळी, मग अंगठा.
खाली, गुडघ्याच्या उंचीवर, रिकाम्या हवेत
कुणीतरी पदर सावरून
चालायला लागलं.

तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी बोलली,
"पारबते, दमानं वो."

परतताना जीपमध्ये मानपत्र माझ्याच मांडीवर राहिलं.
त्यानं विचारलंही नाही.
शालीच्या झालरीतला एक धागा उसवून
दाताखाली धरला, ओढला,
पुन्हा ओढला.
"पक्का हाय," म्हणाला.
"माकडाच्या शेपटीले होते."